सहाव्या वाकळेवरचं नाव

माझा लॅपटॉप केवढा आहे म्हणाल, तर भाकरीच्या परातीत आडवा ठेवला तरी कडेनं पीठ मळायला जागा उरेल एवढा. लेकीचा जुना आहे. ती लातूरला कॉलेजात शिकवते. तिनं मोठा घेतला तेव्हा हा मला नांदेडला आणून दिला आणि म्हणाली, आई, दिवसभर मोबाइलवर काही ना काही लिहीत असतेस, डोळे जातील. आता डोळ्यांचं म्हणाल तर एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं दर वर्षी पुढं ढकललं जातंय. त्यामुळं लॅपटॉप उघडला की माझं पहिलं काम काय, तर अक्षरं मोठी करायची. कंट्रोल दाबून ठेवायचं आणि अधिकचं बटण टक टक टक. अक्षरं हरभऱ्याएवढी झाली की मी थांबते. मग त्या एवढ्याशा पडद्यावर मावतं किती? एक फोटो आणि एक ओळ. वर काय आहे आणि खाली काय आहे ते सरकवून सरकवून बघायचं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ ह्यातूनच झाला.

मी शिकले सातवीपर्यंत. कॉम्प्युटरचा क्लास वगैरे काही नाही. इंग्रजी बटणं दाबली की मराठी अक्षरं उमटतात हे लेकीनं एकदा दाखवलं आणि पुढचं मी आपलं चुकतमाकत शिकले. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला मला अर्धा तास लागला होता. आता चिवडा करायच्या आधी सामान काढून ठेवावं तसं मी चष्मा, वही, पाण्याचा तांब्या घेऊन बसते आणि दोन तास हलत नाही. आमचे हे म्हणतात, ऑफिसात मी एवढं बसलो असतो तर साहेब झालो असतो.

माझं सासर भोकरच्या अलीकडं. आम्ही नांदेडला येऊन चाळीस वर्षं झाली पण गावाकडं जाणं तुटलं नाही, कारण तिथं माझी मोठी जाऊ आहे. मी तिला आक्का म्हणते. तिच्या ओसरीवर दुपारच्याला तिच्यासकट सहा बायका वाकळा शिवायला बसतात. वाकळ म्हणजे तुमची गोधडी. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. लेक एकदा माझ्यासोबत गावी आली, तिनं सहाजणींच्या सहा वाकळांचे फोटो काढले आणि कॉलेजातल्या मैत्रिणींना दाखवले. त्या म्हणे वेड्याच झाल्या. मग लेकीनं एका रविवारी बसून त्या वाकळांची वेबसाइटच बनवली. सांगाडा तिनं उभा केला. सहा फोटो एकाखाली एक, आणि नावांसाठी रिकामे चौकोन. म्हणाली, नावं तू भर, मला पेपर तपासायचेत. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, भरते की, आता मला काही म्हणता काही विचारायचं नाही तुला.

असलं बोलू नये माणसानं.

फोटोंचा क्रम मीच सांगितला होता. पंगतीसारखा. आमच्या घरात बायकांची पंगत बसते तेव्हा धाकट्या आधी, लेकुरवाळ्या आधी, आणि मोठी जाऊ सगळ्यांना वाढून झाल्यावर सगळ्यात शेवटी. लेकीचं म्हणणं होतं की आक्का वयानं मोठी, तिची वाकळ पहिली पाहिजे. मी आक्काला फोनवर विचारलं. ती म्हणाली, मी पन्नास वर्षं शेवटी जेवले आणि आता फोटूत पहिल्या पाटावर बसू होय? मग काय, आक्काच्या सगळ्यात धाकट्या सुनेची वाकळ पहिली आणि आक्काची सहावी.

आता राहिली नावं. वहीपेन घेऊन मी गावी गेले. तुम्हाला वाटेल नाव विचारायला काय वेळ लागतो. सगळी दुपार लागली. एक म्हणाली, माझं कशाला, पोराच्या नावानं टाका. दुसरी म्हणाली, थोरल्याची आई लिहा, सगळं गाव त्याच नावानं ओळखतं. पाचवी ती आक्काची शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आणि दोघींच्यात चाळीस वर्षांचं एकच भांडण, कुणाचा टाका सरळ आणि कुणाचा वाकडा. ती तेवढी ताठ बसली, आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं नीट सांगितलं आणि वर मला वाचून दाखवायला लावलं.

आक्का त्या वेळी काहीच बोलली नाही. सगळ्या उठून गेल्यावर सुया डब्यात ठेवता ठेवता म्हणाली, "माझं माहेरचं नाव टाकशील का गं?"

आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत. माझंही बदललं. पण मला निदान शाळा होती, दाखल्यावर जुनं नाव आहे, वाटलं तर काढून बघता येतं. आक्का शाळेत गेलीच नाही. पुढं प्रौढांच्या वर्गात ती सही शिकली, ती सासरच्या नावाची. रेशनचं कार्ड, आधार, मतदानाची यादी, सगळीकडं सासरचंच. माहेरचं नाव कुठंच कागदावर नाही. ते नाव घेऊन हाक मारणारी माणसं एकेक करून गेली आणि आता एक धाकटा भाऊ तेवढा उरलाय, बिलोलीकडं. दर नागपंचमीला तो तिला न्यायला यायचा. ह्या वर्षी त्याचे गुडघे धरले, एसटीची पायरी चढवत नाही. आक्कानं त्याला सांगून ठेवलं होतं की पंचमीला तू येऊ नको, फोनमधी बघ, तुला माझं नाव दिसंल.

"मला बी बघायचंय," ती म्हणाली. "लिहिल्यावर कसं दिसतं ते मी कधी बघितलंच न्हाई." आणि मग मला बजावलं की पंचमीपर्यंत ह्या कानाचं त्या कानाला करायचं नाही.

तर एवढी गोष्ट माझ्या हातात होती. पंचमीच्या आत तीन अक्षरं आक्काच्या वाकळेपाशी बसवायची.

नांदेडला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसले. अक्षरं हरभऱ्याएवढी केली. सगळ्यात वर एक चौकोन दिसला. वरचा चौकोन म्हणजे मथळ्याचा, असं मीच ठरवलं आणि त्यात लिहिलं, आमच्या बायकांच्या वाकळा. खाली सरकवलं. पहिली वाकळ आली आणि तिच्याखाली एक चौकोन. त्यात धाकट्या सुनेचं नाव लिहिलं. आणखी खाली. दुसरी वाकळ, खाली चौकोन, दुसरीचं नाव. असं करत करत पाचव्या वाकळेखाली शेजारणीचं सगळं लांबलचक नाव लिहिलं आणि सहाव्या वाकळेपाशी आले. आक्काची वाकळ. तिच्याखाली चौकोनच नाही.

वर गेले, खाली आले. खाली एक राखाडी पट्टी आणि त्यापुढं काही नाही. पंगतीत शेवटी बसणारीला पात्रच कमी पडलं. मी बेजार झाले. लेकीला फोन करायचा तर मीच म्हणाले होते, काही विचारायचं नाही. शिवाय तिनं विचारलं असतं, कोणतं नाव बसत नाहीये, तर काय सांगणार? म्हटलं, सध्या एवढं तरी जाऊ दे, एक नाव मागाहून बसवू. आणि पब्लिश दाबलं. पब्लिश केल्यावर ते पान दुसऱ्याच्या फोनवर कसं दिसतं हे एकदा बघायचं असतं, ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. बसलं का गं माझं नाव?

मी म्हणाले, बसलं.

का म्हणाले माहीत नाही. तिचा आवाज असा होता की नाही म्हणवलं नाही. म्हटलं, पंचमीला पाच दिवस आहेत, तेवढ्यात काहीतरी करू. चार दिवस मी त्या पट्टीशी झटले. एकदा तर आख्खी पाचवी वाकळच पानावरून गेली आणि ती परत आणता आणता माझ्या कपाळाला घाम आला. पण सहाव्या फोटोखाली चौकोन काही उगवला नाही.

इकडं लेकीनं काय केलं, तर पान सुरू झालेलं बघून कौतुकानं सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठवून दिलं. बिलोलीलाही. मला पत्ताच नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी चार वाजता पुन्हा आक्काचा फोन. आवाज अगदी उतरलेला. म्हणाली, भावानं बघितलं. वाकळ बघितल्या बघितल्या ओळखली म्हणे. आमची आई कोपऱ्यात दोरा दुहेरी घेऊन तीन टाके घालायची, तसे मीही घालते, ते त्याला दिसले. पण वर नाव शेजारणीचं हाय म्हणाला. त्यानं सगळं पान चाळून बघितलं, माझं नाव कुठंच न्हाई.

नाव नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण शेजारणीचं? आणि तेही आक्काच्या वाकळेवर? चाळीस वर्षांत त्या बाईनं आक्काच्या एका टाक्याला बरं म्हटलं नव्हतं, आणि मी आख्खी वाकळ तिच्या नावावर करून दिली.

आक्का मला काही बोलली नाही. मशिनीचंच काही चुकलं असंल, म्हणाली, आणि फोन ठेवला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. मी सकाळच्या गाडीनं लॅपटॉप पिशवीत घालून निघाले. गावात पोचले तर बायका वारुळाला जाऊन आल्या होत्या, लिंबाला झोके बांधले होते. आक्काच्या चुलीवर पुरणाची दिंडं उकडत होती. आमच्याकडं पंचमीला तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, कापत नाहीत, सुईसुद्धा धरत नाहीत. त्यामुळं आक्का सोडून बाकीच्या पाचजणी ओसरीवर रिकाम्याच होत्या. आणि बातमी सगळ्यांना कळलेली होती. शेजारीण पाय पसरून बसलेली. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "या नांदेडवाली. मी काय मागितली व्हती का हिची वाकळ? माझ्या नावावर असला वाकडा टाका नको बाई मला."

आक्का आतूनच म्हणाली, "तुझ्या नावाचा डाग लागला माझ्या वाकळेला, तो आधी धू म्हणावं."

म्हटलं चला, बोलतायत तरी.

मी आत जाऊन आधी आक्कासमोर बसले. सांगितलं की आक्का, त्या दिवशी मी खोटं बोलले, नाव बसलं नव्हतं. ती दिंडांवरचं झाकण उचलून बघत होती. म्हणाली, मला तवाच कळलं. खरं बोलताना तू एका शबुदात कधी थांबतीस का?

मग ओसरीवर लॅपटॉप उघडला. माझ्या मोबाइलचं नेट त्याला जोडलं. सवयीप्रमाणं अक्षरं मोठी केली आणि सगळ्यांना दाखवायला लागले, की हे बघा, ही हिची वाकळ आणि हे खाली हिचं नाव, माझं सगळं बरोबर आहे, तुमच्या फोनमध्येच काहीतरी उलटं दिसतंय. फोटो सरकवते आहे, नाव दाखवते आहे, आणि माझं मलाच पटत नाही आहे. शेजारीण माझ्या खांद्यावरून बघत होती. मग म्हणाली, "आगं, वाकळ अशी मांडीवर धरून कुणी बघतं का? मांडीवर तुकडाच दिसतो. पसरून लांबून बघ की."

मी म्हटलं, ही काय अंथरायची वस्तू आहे का? आणि म्हणता म्हणता माझा हात थांबला. वाकळ शिवून झाली की ह्या बायका काय करतात, अंगणात पसरतात आणि ओट्यावर उभं राहून बघतात. शिवताना नाकासमोरचा तुकडाच दिसतो, मांडणी कुठं चुकली ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चाळीस वर्षं बघत आले मी हे.

कंट्रोल धरलं आणि उणेचं बटण दाबायला लागले. अक्षरं हरभऱ्याची ज्वारी झाली, ज्वारीची मोहरी झाली. मला आता एक अक्षर वाचता येईना. पण सहाच्या सहा वाकळा एका वेळी पडद्यावर आल्या, टिकल्यांसारख्या. आणि वाचता येत नसलं तरी दिसत होतं. प्रत्येक वाकळेला भोवतीनं एक बारीक रेघ होती, आणि त्या रेघेच्या आत नावाचा चौकोन फोटोच्या वर होता. खाली नव्हताच. जो मी मथळ्याचा समजले तो पहिलीच्या नावाचा. जो पहिलीच्या खाली समजले तो दुसरीचा. सगळ्यांची नावं एकेक घर खाली घसरली होती आणि शेवटी आक्काच्या घरात शेजारीण जाऊन बसली होती.

मी जे होतं ते सांगितलं. आधी कुणाला कळेना. मग शेजारणीला कळलं आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आक्कानंच पाणी आणून दिलं.

दुरुस्तीला बसले. लेकीनं शिकवलेली सोपी रीत म्हणजे एका जागचं उचलायचं आणि दुसऱ्या जागी चिकटवायचं. त्यासाठी कात्रीचं चित्र असलेलं बटण आहे. मी त्याच्यावर बाण नेला तर शेजारीण ओरडली की आज पंचमी हाय, कात्री चालवू नको. म्हटलं, अहो, ही चित्रातली आहे. ती म्हणाली, चित्रातली का असंना, धार तर लावलीच असंल ना. सगळ्यांनी तिचीच बाजू घेतली. मग मी कात्री सोडली आणि एकेक नाव पुसून पुन्हा अक्षर अक्षर लिहायला घेतलं. वरून सुरुवात केली. धाकटी सून तिच्या घरात गेली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, चौथी. शेजारणीचं नाव शेवटून दुसऱ्या चौकोनात लिहिलं तेव्हा तिनं मला सगळं परत वाचून दाखवायला लावलं.

मग सहावा चौकोन. त्यातलं शेजारणीचं पुसलं. मोकळा झाला. आक्का पदराला हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली.

मी पहिलं अक्षर दाबलं. ती म्हणाली, हे काय? मी सांगितलं. दुसरं. तिसरं. झालं का, म्हणाली. म्हटलं, झालं. एवढंच हाय व्हय, म्हणाली. मग बोटावर मोजलं, एक, दोन, तीन.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते जिथं पाहिजे तिथं आहे.

आक्का म्हणाली, बारीक दिसतंय गं. मला पण बारीकच दिसत होतं. मी अधिकचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वाकळ खाली सरकत गेली, शेजारणीची वाकळ वरून निघून गेली, चौकोनाच्या कडा गेल्या. दाबतच राहिले. शेवटी माझ्या त्या परातीत मावणाऱ्या पडद्यावर दुसरं काही उरलं नाही, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत तीन अक्षरं. आक्कानं बोट पुढं केलं आणि पडद्याला न लावता, जरा अंतर ठेवून, पहिल्या अक्षराच्या काठानं फिरवलं. टाका कुठून घालायचा ते बघावं तसं. म्हणाली, ह्यो गोल शिवायला अवघड जाईल.

पब्लिश दाबलं आणि ह्या वेळी धाकट्या सुनेच्या फोनवर उघडून बघितलं. सगळ्या आपापल्या घरात होत्या. मग बिलोलीला फोन लावला. आक्काच्या भाच्यानं उचलला, त्याला पान पुन्हा उघडायला सांगितलं आणि म्हातारबुवांना, म्हणजे आक्काच्या भावाला, द्यायला लावला. स्पीकर चालू होता, ओसरीवर सगळ्या जवळ सरकल्या. झोक्यावरच्या पोरींचा गलका तेवढा येत होता. आणि मग तिकडून त्यांनी हाक मारली. लांब शेताच्या बांधावरून मारावी तशी, शेवटचं अक्षर ओढून.

आक्का कधी कुणाच्या हाकेला ओ देत नाही. काय हाय, असं विचारते. सगळं घर तिच्या हाकेला ओ देतं. ती आक्का ओसरीवर पाय दुमडून बसलेली, तिनं मान वर केली आणि म्हणाली, "ओ."

पुढं ते दोघं काय बोलले ते पावसाचं, गुडघ्यांचं आणि म्हशीचं. आम्ही दिंडं वाढायला उठलो. आक्का फोनवरच होती, त्यामुळं ह्या वेळी तिला सोडून सगळ्यांनी वाढून घेतलं आणि शेजारणीनं तिचं ताट काढून पहिल्या पाटापाशी नेऊन ठेवलं. आक्कानं ते बघितलं आणि बसली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघणार होते. पिशवी भरत होते तर ओसरीवर सुया चालू झालेल्या. आक्कानं माझ्या वहीचं एक पान मागून घेतलं होतं, त्यावर मी मोठ्या अक्षरात नाव लिहून दिलेलं, आणि ती नव्या वाकळेच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं पहिलं अक्षर घालून बघत होती. शेजारीण भिंतीपलीकडून आली, कमरेवर हात ठेवून वाकली, नीट बघितलं आणि आक्काला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारून म्हणाली, "वाकडा पडला की गं टाका."

आक्का म्हणाली, "ओ. दिसतंय मला."